सुधारणेतून बिघाड

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील शाळेत आम्ही विद्यार्थ्यांशी गप्पा मारायला गेलो होतो. विषय होता ‘प्रयोग कसा करावा’. कार्यक्रम आटोपल्यावर विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला बाजूला बोलावले आणि एक कपाट उघडून दाखवले. कपाटात शाळेला मिळालेले चोवीस टॅब ओळीने मांडलेले होते. त्यांपैकी सतरा निकामी झाले होते. बटण दाबले की उत्पादकाचे बोधचिन्ह पडद्यावर येई, काही क्षण टिके, मावळे आणि पुन्हा येई. त्यापुढे काही नाही.

घडले होते ते असे. आदल्या शनिवारी शाळा सुटल्यावर बाईंनी सगळे टॅब चार्जिंगला लावले आणि शाळेच्या वायफायला जोडले. पडद्यावर सूचना आली, ‘नवे अपडेट उपलब्ध आहे, आता बसवा’. बाईंनी प्रत्येक टॅबवर ती मान्य केली. सोमवारी पाहतात तो ही अवस्था. आठवीच्या मुलांचा एनएमएमएस परीक्षेचा सराव त्या टॅबवर चालू होता, तो थांबला. त्याहून वाईट म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरवर सही बाईंची होती. मुख्याध्यापकांपासून सेवा केंद्रातल्या मुलापर्यंत प्रत्येकाने त्यांना एकच प्रश्न विचारला : “बाई, तुम्ही काय केलंत?”

आम्हाला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. बाईंनी तेच केले, जे यंत्राने त्यांना करायला सांगितले. विचारायला हवा तो प्रश्न असा : ते अपडेट पाठवण्यापूर्वी पाठवणाऱ्याने काय केले? आमच्या मते सार्वजनिक वापराच्या यंत्रांबाबत हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ विचारलाच जात नाही. तो का विचारावा आणि त्याचे शास्त्रीय उत्तर कसे असते, याची चर्चा या लेखात करायची आहे.

अपडेट होताना काय घडते?

टॅब हा एक लहानसा संगणकच. तो सुरू होताना एकामागून एक आज्ञावल्या चालतात. सर्वांत आधी एक अगदी छोटी आज्ञावली जागी होते. तिचे काम एवढेच की पुढची मोठी आज्ञावली स्मृतीत कोठे आहे ते शोधायचे, ती खरी आहे की नाही ते तपासायचे आणि तिच्या हाती कारभार सोपवायचा. ही मोठी आज्ञावली म्हणजे प्रणालीचा गाभा. पडदा, बॅटरी, स्पर्श, वायफाय या सर्वांवर त्याचे नियंत्रण असते. गाभा स्थिरावला की मग आपल्याला दिसणारी चित्रे आणि अ‍ॅप्स येतात.

एखाद्या अ‍ॅपचे अपडेट बिघडले तर ते एक अ‍ॅप बंद पडते, बाकीचा टॅब चालतो. परंतु गाभ्याचेच अपडेट बिघडले तर साखळीची पहिली कडीच तुटते. टॅब सुरू होतो, गाभ्याशी अडखळतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि पुन्हा तेथेच अडखळतो. बोधचिन्ह वारंवार येत राहते ते यामुळे. टॅबचे यंत्रांग शाबूत असते. त्याला चालवणारी लिखित आज्ञाच बिघडलेली असते. म्हणून असा टॅब वापरणाऱ्याला दुरुस्त करता येत नाही. दुरुस्तीचे साधन ज्या पडद्यावर मिळायचे, त्या पडद्यापर्यंत तो पोचतच नाही.

यावर उपाय माहीत नाही असे नव्हे. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीत प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय झाली. चालू प्रतीला हात न लावता नवी प्रत शेजारच्या कप्प्यात लिहायची. पुढच्या वेळी टॅब नव्या प्रतीवर सुरू करून पाहायचा. ती नीट चालली नाही तर आपोआप जुन्या प्रतीकडे परतायचे. कल्पना साधी आहे. मात्र दोन प्रतींना जागा जास्त लागते आणि स्मृतीला पैसे पडतात. स्वस्तातल्या यंत्रात काटछाट करताना ‘मागे फिरण्याची सोय’ पहिल्यांदा वगळली गेली, तर खरेदी करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

तीन बिघाड, तीन निरनिराळे दोष

सदोष अपडेट ही केवळ स्वस्त यंत्रांची किंवा लहान कंपन्यांची गोष्ट नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांकडूनही हे घडले आहे. त्यांतली तीन उदाहरणे आम्ही मुद्दाम निवडली आहेत, कारण त्यांतले दोष तीन वेगळ्या जातींचे आहेत.

पहिले उदाहरण अलीकडचे आणि सर्वांत मोठे. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांना एक लहानशी माहिती-फाइल पाठवली. ती पोचताच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक आडवे झाले होते. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. बंद पडलेला संगणक इंटरनेटवरून दुरुस्त करणे बहुतेक ठिकाणी शक्य नव्हते. माणसाने प्रत्येक यंत्रापुढे बसून ती फाइल काढून टाकावी लागली.

कारण काय होते? संगणकावरील आज्ञावली माहितीची २० घरे देत होती आणि नवी फाइल २१ वे घर वाचायला सांगत होती. नसलेले घर वाचू जाता गाभ्यातली आज्ञावली कोसळली. हा विसंवाद फेब्रुवारी महिन्यापासून आत दडलेला होता. मग तो आधी का सापडला नाही? आधीच्या सर्व चाचण्यांत एकविसाव्या घरापुढे ‘काहीही चालेल’ अशी खूण होती, त्यामुळे ते घर कधी उघडून पाहिलेच गेले नव्हते. जुलैच्या फाइलमध्ये तेथे प्रथमच निश्चित अट आली. फाइल तपासणाऱ्या आज्ञावलीतही दोष असल्याने तिने ती बिनदिक्कत पुढे सोडली. थोडक्यात, फाइल कागदोपत्री तपासली गेली. एका खऱ्या संगणकावर बसवून पाहिली गेली असती तर दोष तत्काळ उघडा पडला असता.

दुसरे उदाहरण मे २०१६ मधले. अ‍ॅपलने आपल्या प्रणालीची ९.३.२ ही आवृत्ती प्रसृत केली. इतर यंत्रांवर ती नीट बसली. परंतु ९.७ इंच पडद्याच्या आयपॅड प्रो या एकाच प्रतिमानाचे काही टॅब ‘५६ क्रमांकाची त्रुटी’ दाखवून निकामी झाले. कंपनीला त्या प्रतिमानापुरते अपडेट मागे घ्यावे लागले आणि जूनच्या सुरुवातीस सुधारित प्रत द्यावी लागली. येथे दोष सर्वांत नव्हता, एका जातीत होता.

तिसरे उदाहरण ऑक्टोबर २०१३ मधले. मायक्रोसॉफ्टने सरफेस आरटी या टॅबसाठी ८.१ आवृत्ती दिली. काही टॅबमध्ये यंत्र सुरू करतानाची मूलभूत माहितीच बिघडली आणि ते सुरू होईनात. कंपनीने अपडेट मागे घेतले आणि बाधित टॅबचे प्रमाण साधारण हजारात एक असल्याचे सांगितले. येथे दोष एकाच प्रतिमानातल्या अगदी थोड्या यंत्रांत, विशिष्ट परिस्थितीतच प्रकट होत होता.

या तिन्हींवर ‘चाचणी नीट घेतली नाही’ असा एकच शेरा मारणे सोपे आहे. पण तो शास्त्रीय नव्हे. पहिला दोष शोधायला एक यंत्र पुरे होते. दुसरा शोधायला प्रत्येक प्रतिमानाची काही यंत्रे हवी होती. तिसरा शोधायला किती यंत्रे लागली असती, याचा हिशेब मात्र जरा थांबून करायला हवा.

तीस टॅब तपासले, एकही बिघडला नाही

समजा, अपडेट बसवल्यावर एखादा टॅब बिघडण्याची शक्यता शंभरात एक आहे. हे आपल्याला ठाऊक नाही. आपण तीस टॅबवर अपडेट बसवून पाहिले आणि एकही बिघडला नाही. अपडेट निर्दोष आहे असे म्हणता येईल काय?

एक टॅब न बिघडण्याची शक्यता ०.९९. दोन टॅब न बिघडण्याची ०.९९ × ०.९९. तीसही न बिघडण्याची शक्यता ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे ०.७४. याचा अर्थ असा की शंभरात एक टॅब मारणारे सदोष अपडेटसुद्धा आपल्या तीस टॅबच्या परीक्षेत चारांपैकी जवळजवळ तीन वेळा उत्तीर्ण होईल!

मग किती टॅब घ्यावेत? संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा अंगठेनियम आहे. ‘न’ यंत्रे तपासून एकही बिघाड आढळला नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण ३ भागिले ‘न’ पेक्षा जास्त नाही. तीस यंत्रे निर्दोष निघाली तर बिघाडाचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी आहे एवढेच सिद्ध होते. एक टक्क्याची खात्री हवी असेल तर तीनशे यंत्रे हवीत. हजारात एक, म्हणजे सरफेस आरटीच्या जातीचा दोष पकडायचा तर सुमारे तीन हजार.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हे करून पाहता येईल. एका डब्यात ९९ हरभरे आणि एक वाटाणा मिसळा. डोळे मिटून तीस दाणे काढा. वाटाणा आला का ते पाहा, दाणे परत टाका, पुन्हा काढा. वर्गातल्या प्रत्येकाने एकदा काढले की फळ्यावर बेरीज मांडा. दहांपैकी सुमारे सात वेळा वाटाणा डब्यातच राहिलेला आढळेल. (येथे उत्तर ०.७४ ऐवजी ०.७० का येते, हा प्रश्न अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सोडून देतो.) ‘चाचणीत दोष आढळला नाही’ आणि ‘दोष नाही’ या दोन विधानांत केवढे अंतर आहे, ते या डब्यातून जितके पटते तितके व्याख्यानातून पटत नाही.

येथे कोणी म्हणेल की तीन हजार टॅबवर प्रयोगशाळेत चाचणी घेणे कोणालाच परवडणार नाही. बरोबर आहे. म्हणूनच जाणकार दोन गोष्टींवर भर देतात. एक, प्रयोगशाळेतील चाचणीनंतर अपडेट सर्वांना एकदम न देता आधी शंभरात एकाला द्यायचे, काही दिवस थांबून पाहायचे, मग दहांना, मग सर्वांना. पाच लाख यंत्रांपैकी एक टक्का म्हणजे पाच हजार. हजारात एकाचा दोष असेल तर त्यांत पाचेक यंत्रे बिघडतील, पण चार लाख पंचाण्णव हजार वाचतील. दोन, जी बिघडतील त्यांना मागे फिरता आले पाहिजे. क्राउडस्ट्राइकच्या त्या फाइलबाबत यांपैकी टप्प्यांची काळजी घेतली गेली नव्हती. माहिती-फाइली यापुढे टप्प्याटप्प्याने देऊ, असे कंपनीने नंतर आपल्या अहवालात लिहिले. ८५ लाख संगणक पडल्यानंतर सुचलेले हे शहाणपण नवे नव्हते. सोलापुरात यंत्रमागावर नवी नक्षी चढवली की कारागीरही आधी हात-दोन हात कापड विणून पाहतो, मगच पूर्ण ताणा सोडतो.

चाचणी कोणत्या परिस्थितीत?

संख्येइतकाच परिस्थितीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतली आज्ञावली आधीच्या एरियन-४ मधून जशीच्या तशी घेतली होती आणि तेथे ती वर्षानुवर्षे उत्तम चालली होती. परंतु नव्या रॉकेटचा आडवा वेग अधिक होता. त्यातून निर्माण झालेली एक संख्या ३२,७६७ या मर्यादेपलीकडे गेली, तिला ठरलेल्या घरात बसवता येईना आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने तीही बंद पडली. नव्या रॉकेटच्या प्रत्यक्ष उड्डाणमार्गाची आकडेवारी घालून ही आज्ञावली तपासलीच गेली नव्हती.

आता आपल्या शाळेतला टॅब डोळ्यांपुढे आणा. चाचणी घेणाऱ्याच्या टेबलावरचा टॅब नवा असतो, त्याची स्मृती रिकामी असते, वीज अखंड असते, इंटरनेट वेगवान असते आणि खोली वातानुकूलित असते. सोलापूर जिल्ह्यातला टॅब चार वर्षांचा असतो. त्याची स्मृती चित्रफितींनी काठोकाठ भरलेली असते. बॅटरी ४० टक्के दाखवते आणि पाच मिनिटांत शून्यावर येते. फाइल उतरत असताना मधेच वीज जाते, रेंज तुटते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून अधिक. अर्धवट उतरलेली फाइल, अपुरी जागा, लिहिता लिहिता संपलेली बॅटरी या अपवादात्मक घटना नव्हेत. येथे त्याच नित्याच्या आहेत. ज्या अपडेटची या परिस्थितीत चाचणी झाली नाही, त्याची चाचणी झालीच नाही असे आम्ही म्हणू.

आपल्याकडचा अनुभव

आपल्या देशात विद्यार्थ्यांसाठी स्वस्त टॅबची मोठी घोषणा ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’च्या रूपाने झाली. त्याचा प्रक्रियक ३६६ मेगाहर्ट्झचा होता आणि स्मृती २५६ मेगाबाइट. यंत्र मंद असल्याच्या तक्रारी लगेच आल्या. टॅबने कोणत्या कसोट्यांना उतरावे यावरून आयआयटी राजस्थान आणि उत्पादक यांच्यात वाद झाला आणि पुढे प्रकल्प मुंबईच्या आयआयटीकडे आला. सुधारित ‘आकाश-२’ नोव्हेंबर २०१२ मध्ये आला. यातून घ्यायचा धडा यंत्राच्या किमतीविषयीचा नाही. कसोट्या कोणत्या, हे खरेदीनंतर नव्हे तर खरेदीपूर्वी ठरले पाहिजे, हा तो धडा आहे.

मुंबई महापालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम भरलेले टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा हेतू स्तुत्य होता. पण २०१८ साली राज्यात आठवीची पाठ्यपुस्तके बदलली. टॅबचे आयुष्य आणि त्यातल्या मजकुराचे आयुष्य यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न अशा प्रत्येक योजनेपुढे उभा राहतो. छापील पुस्तक बदलले की नवे पुस्तक मिळते. टॅबमधला मजकूर बदलायचा तर कोणी, कधी, कोणत्या खर्चाने आणि तपासून कोण देणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे लागते.

सर्वांत बोलका अनुभव अंगणवाडी सेविकांचा आहे. २०१९ मध्ये राज्यातील सुमारे एक लाख सेविकांना शासनाकडून मोबाईल मिळाले. २०२१ च्या मार्चमध्ये केंद्र शासनाचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप आले आणि नोंदी त्यावर कराव्यात असे ठरले. फोनची स्मृती दोन गिगाबाइट. फोन तापतो, अडकतो, वारंवार दुरुस्तीला द्यावा लागतो आणि अ‍ॅप इंग्रजीत आहे, अशा तक्रारी होत्या. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टपासून राज्यभर सेविकांनी फोन कार्यालयांत परत करण्याचे आंदोलन केले. या प्रकरणाकडे बहुतेकांनी कामगार-संघटनेचा प्रश्न म्हणून पाहिले. आम्हाला तो शास्त्रीय चाचणीचाही प्रश्न वाटतो. सेविकांनी जे सांगितले ते खरे तर चाचणीचे निष्कर्ष होते : या यंत्रावर, या भाषेत, या कामासाठी ही आज्ञावली चालत नाही. एक लाख जणींनी हा निष्कर्ष काढण्यापूर्वी शंभर जणींकडून तो मिळवता आला असता.

आमची मुख्य टीका येथे आहे. एरियन-५ च्या अपघाताचा चौकशी अहवाल दोन महिन्यांच्या आत प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवला जातो. क्राउडस्ट्राइकने, ग्राहकांच्या दडपणाखाली का होईना, एकविसाव्या घराची कहाणी जाहीर केली. आपल्या शाळांतले टॅब बंद पडतात तेव्हा मात्र ‘सर्व्हर डाऊन’, ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम’ किंवा ‘वापरणाऱ्याची चूक’ या तीन शब्दप्रयोगांत प्रकरण मिटते. कोणते प्रतिमान, कोणती आवृत्ती, किती यंत्रांपैकी किती, याची नोंद कोठेच होत नाही. जेथे नोंद नाही तेथे निरीक्षण नाही. आणि निरीक्षणावाचून विज्ञान नाही.

मग अपडेट करूच नये काय?

हे सारे वाचून कोणी ‘चालत्या यंत्राला हात लावू नये’ असा निष्कर्ष काढील. तोही धोक्याचा आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने जगभर धुमाकूळ घातला. तिने विंडोजमधल्या ज्या छिद्रातून प्रवेश केला, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते त्यांना फटका बसला.

त्यानंतर महिन्याभराने, जून २०१७ मध्ये, ‘नॉटपेट्या’ नावाची दुसरी विध्वंसक आज्ञावली पसरली. तिची झळ उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क कंपनीच्या टर्मिनलपर्यंत पोचली आणि तेथील संगणकावरचे कामकाज थांबले. ही आज्ञावली पसरण्याचा एक मार्ग तेच न बुजवलेले छिद्र होते. पण तिचा पहिला प्रवेश झाला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! म्हणजे एकाच घटनेत अपडेट न करणारे फसले आणि निमूटपणे अपडेट करणारेही फसले. तेव्हा ‘करावे की करू नये’ हा वाद व्यर्थ आहे. कसे तपासून, कोणत्या क्रमाने आणि परतीची कोणती वाट ठेवून करावे, हाच खरा प्रश्न आहे.

काय मागावे, काय करावे?

शाळांसाठी टॅब घेताना पडदा किती इंची, बॅटरी किती मोठी हे विचारले जाते. त्याबरोबर आणखी चार गोष्टी करारात असाव्यात असे आम्हाला वाटते. प्रणालीचे अपडेट किती वर्षे मिळणार. अपडेट बिघडल्यास टॅब आपोआप जुन्या प्रतीवर परततो की नाही, आणि ते खरेदीपूर्वी प्रत्यक्ष करून दाखवणे. अपडेट कधी बसवायचे हे ठरवण्याचा अधिकार शाळेकडे असणे, म्हणजे परीक्षेच्या आठवड्यात ते लादले जाणार नाही. आणि अपडेटमुळे बंद पडलेल्या टॅबची दुरुस्ती हमीची मुदत संपली तरी उत्पादकाने फुकट करणे. यांतली कोणतीही मागणी तंत्रज्ञानाच्या आवाक्याबाहेरची नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर टप्प्यांची पद्धत सहज बसवता येईल. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातली एक शाळा निवडावी : कोठे वीज बेभरवशाची, कोठे रेंज नाही, कोठे टॅब जुने. नवे अपडेट आधी या अकरा शाळांनी बसवावे, आठवडाभर वापरावे, कळवावे आणि मगच ते इतरांकडे जावे. यासाठी नवा विभाग लागत नाही. एक तक्ता आणि तो वाचणारा एक अधिकारी लागतो.

शाळेत काय करता येईल? सर्व टॅबना एकाच दिवशी अपडेट देऊ नये. प्रत्येक प्रतिमानाचे एक-दोन टॅब निवडावेत, त्यांतली मुलांची कामे दुसरीकडे उतरवून ठेवावीत, स्मृतीत जागा करावी, बॅटरी पूर्ण भरावी आणि मगच अपडेट बसवावे. तीन-चार दिवस ते टॅब नेहमीसारखे वापरावेत. चालले तर पुढचे. वरचा हिशेब ध्यानात घेतला तर कळेल की यातून पहिल्या दोन जातींचे दोष बहुधा सापडतील, तिसऱ्या जातीचा नाही. त्यासाठी अनेक शाळांच्या नोंदी एकत्र याव्या लागतील. म्हणून एक वही घालावी : तारीख, प्रतिमान, आधीची आवृत्ती, नंतरची आवृत्ती, बॅटरी किती होती, काय झाले. ही वही नववीच्या दोन विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. हातात प्रयोगवही असलेला विद्यार्थी बिघाडाला घाबरत नाही, तो बिघाडाकडे पाहतो.

आणखी एक गोष्ट सोलापूर जिल्ह्यानेच दाखवून दिली आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, ते त्यांच्या ज्या कामामुळे, त्यात पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याची कल्पना ठळक होती. या कल्पनेची दृश्य बाजू सर्वांना ठाऊक आहे : कोड टिपला की धड्याची ध्वनिफीत किंवा चित्रफीत समोर येते. तिची दुसरी बाजू आम्हाला तितकीच मोलाची वाटते. मोबाईल बंद पडला, रेंज गेली, अपडेट बिघडले, तरी पुस्तक पुस्तकच राहते. धडा वाचता येतो. यंत्र निकामी झाल्यावर काय शिल्लक राहील, याचा विचार रचनेतच झाला पाहिजे. सगळा अभ्यास एका टॅबमध्ये कोंडण्यापेक्षा ही रचना अधिक शहाणपणाची आहे.

त्या शाळेतले सतरापैकी चौदा टॅब अडीच महिन्यांनी पुण्याहून दुरुस्त होऊन आले. मुलांनी साठवलेले सारे पुसून गेले होते. तीन आलेच नाहीत. दरम्यान एनएमएमएसची परीक्षा होऊन गेली होती. बाईंनी उरलेल्या सात टॅबवर गट पाडून आणि सायक्लोस्टाइलच्या जमान्यातल्यासारखे प्रश्न फळ्यावर लिहून सराव पुरा करून घेतला, ही त्यांची जिद्द. परंतु शिक्षकाच्या जिद्दीवर यंत्रणेचे दोष झाकले जाऊ नयेत. बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. त्या खुलाशाची एक प्रत त्यांनी आम्हाला दाखवली. त्यात तारीख होती, वेळ होती, आवृत्तीचा क्रमांक होता, चोवीसपैकी सतरा हे प्रमाण होते आणि न बिघडलेले सातही टॅब दुसऱ्या खेपेला आलेले आहेत हे निरीक्षण होते. उत्पादकाच्या चाचणी-विभागाला जे शोधायला हवे होते, ते एका खेड्यातल्या बाईंनी खुलाशाच्या कागदावर लिहून दिले होते. त्या कागदाला उत्तर मात्र आजवर आलेले नाही.